आजीचा उजवा गुडघा

आजीने उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवलं. तिच्या गाडीत ब्रेक दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या आजीच्या पायाशी. शिकणारा गोंधळला, समोरून येणाऱ्या सायकलकडे नुसता बघतच राहिला, की आजी आवाज न चढवता आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची. गाडी थांबली की म्हणायची, "बरं. आता काय झालं ते सावकाश बघू." तिच्या सबुरीची ख्याती अशी, की जे नवरे आपल्या बायकोला शिकवता शिकवता घरात भांडण घेऊन येत, तेच तिसऱ्या दिवशी बायकोला आजीच्या हवाली करून मोकळे होत.

गाडी विकून आता बरीच वर्षं झाली होती. पण जित्याची खोड. आजीचा उजवा पाय काही निवृत्त झाला नाही. बसमध्ये बसली तरी प्रत्येक वळणावर तो पुढे जाई. टीव्हीवर पाठलाग चालू असला की सोफ्यापुढची सतरंजी गोळा होई.

"आई, तो चोर आहे, त्याला पळू दे," लेक म्हणायची.

"पळू दे गं, पण वळणावर तरी हळू!"

ही लेक एका लॅबमध्ये रक्त तपासायची. जावई जहाजावर, म्हणजे घरात फोटोत आणि फोनवर. आणि या दोघांची मुलगी, आठ वर्षांची, तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती घरभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं होतं. आता नावच तेवढं उरलं होतं.

भिंगरी शाळेत कधी वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. समास किती सोडू, पान उलटू का, निळ्याने लिहू की काळ्याने, हे सगळं विचारून करणारी. बाईंची ती लाडकी. आणि एके दिवशी ती बोट वर करून बसली. बाई फळ्यावर लिहीत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. भिंगरी बोट वर करून बसूनच राहिली, आणि शेवटी बाकाखाली ओघळ आला. कुणी रागावलं नाही. मुलंही फारशी हसली नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळ झाली की तिचं पोट दुखायला लागलं, आणि ते दुखणं खरं होतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, लेकीने स्वतः रक्त तपासलं, काही निघालं नाही. महिना झाला, भिंगरी घरीच होती.

लेकीने मग एक दुसरी शाळा शोधून काढली. एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत भरणारी. तिथे तास नव्हते, वेळापत्रक नव्हतं. काय शिकायचं, कधी शिकायचं, शिकायचं की झाडावर बसायचं, हे मुलांनी ठरवायचं. मोठी माणसं होती, पण ती विचारलं तर सांगणारी. नवीन मुलाने आधी दोन आठवडे येऊन बघायचं. शेवटी सगळी शाळा गोल करून बसणार आणि त्या मुलाला विचारणार, राहायचंय का? मग बाकीचे ठरवणार. आईबापांनी त्यात तोंड घालायचं नाही.

"आणि जुनी शाळा?" आजीने विचारलं.

"महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतायत. पुढे नाही ठेवणार." लेक डोळे चोळत म्हणाली. "आई, इथे जमलं नाही तर तिला परत त्याच वर्गात, त्याच बाकावर पाठवावं लागेल. मला विचारसुद्धा करवत नाही."

"जमेल की. न जमायला काय झालं?" आजी म्हणाली. "तयारी करून घेऊ."

लेकीने आईकडे बघितलं. "मोकळं राहायची तयारी?"

"परीक्षा म्हटली की तयारी आलीच. तू लॅबला जा. पोरगी माझ्यावर सोड."

आजीने रविवार निवडला. सकाळी भिंगरीला समोर उभं करून सांगितलं, "आजचा दिवस तुझा. कुणी काही सांगणार नाही. तुला वाटेल ते कर." आणि स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत लोकर घेऊन बसली, पण लक्ष अर्थातच लोकरीत नव्हतं.

भिंगरी खोलीच्या मधोमध उभी राहिली. जरा वेळाने कपाटाकडे गेली. रंगांच्या पेटीवर हात ठेवला, काढला. पत्त्यांवर ठेवला, काढला. मग नकाशाचं मोठं पुस्तक उचललं आणि जमिनीवर पसरून बसली. आजीला कोण आनंद झाला! मनातल्या मनात ती केव्हाची म्हणत होती, नकाशा घे, नकाशा घे. दुपारी भिंगरीने झाडांना पाणी घातलं. संध्याकाळी गोष्ट वाचली. एकदाही "आजी, हे करू का?" म्हणून विचारलं नाही.

लेक घरी आल्याबरोबर आजीने बातमी दिली. "दिवसभर एक अक्षर विचारलं नाही. सगळं आपल्या मनाने. मी म्हटलं नव्हतं?"

"नकाशे बघितले, पाणी घातलं, वाचलं." लेकीने चप्पल काढता काढता बोटांवर मोजलं. "आई, हा दिवस तिचा होता की तुझा?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. आठ वर्षांचं पोर रविवारी एकदाही पसारा घालत नाही, याचं मला नवल वाटतं, एवढंच."

आजीला राग आला. पण रागाने बोलायचं नाही ही आयुष्यभराची सवय, म्हणून ती लोकर गुंडाळायला लागली.

दोन दिवसांनी सकाळी बेकरीवाली आली. ही आजीची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतःची पावाची गाडी चालवत गल्लोगल्ली फिरायची, आणि आजीच्या दारात आली की हॉर्न न वाजवता वर येऊन गप्पा ठोकायची. आजीने तिला मोकळ्या शाळेची हकिगत सांगितली आणि मोकळ्या रविवारचीही.

बेकरीवाली खदखदून हसली. "मॅडम, तुमच्या शेजारी बसून सगळ्यांनाच सगळं येतं हो! मी तुमच्याबरोबर कशी झ्याक चालवायचे? आणि परीक्षेत आपटले. तेही दोनदा. आठवतंय ना?"

"तू घाबरायचीस."

"घाबरायचे कशाची? तुमचा गुडघा नव्हता ना शेजारी!"

"गुडघा?"

"तुम्हाला खरंच ठाऊक नाही?" तिने ट्रे खाली ठेवला. "अहो, ब्रेक दाबायच्या आधी तुमचा उजवा गुडघा अस्सा हलायचा. आम्ही रस्त्याकडे कुठे बघत होतो? तुमच्या गुडघ्याकडे बघत होतो. हलला की थांबायचं, नाही हलला की चला पुढे. सगळ्या बॅचला माहीत होतं. आम्ही एकमेकींना सांगायचो, मॅडमचं तोंड काही बोलत नाही, गुडघ्याला विचारा."

हसत हसत ती निघूनही गेली. आजी मात्र हातातला पाव तसाच धरून उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण कुणावर ओरडत नाही, कुणाला टोकत नाही, शिकणारा आपल्या बुद्धीने शिकतो. काखेत कळसा म्हणतात तशी गत. सगळ्यांना ठाऊक होतं, ज्याचा गुडघा त्यालाच पत्ता नव्हता.

आणि मग तिला नकाशाचं पुस्तक आठवलं.

पुढच्या रविवारी आजीने काही सांगितलं नाही. नेहमीच्या खुर्चीत बसली आणि कमरेपासून पायापर्यंत जाड पांघरूण घेतलं. बाहेर चांगलं ऊन होतं.

भिंगरी कपाटापाशी गेली. रंगांवर हात ठेवला आणि वळून बघितलं. पत्त्यांवर ठेवला, वळून बघितलं. आजी लोकर विणत होती. भिंगरी कपाटापासून खुर्चीपाशी आली, तिथून परत कपाटापाशी गेली. मग खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिचा हात पोटावर गेला.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "पांघरूण काढ ना."

"का गं? थंडी वाजतेय मला."

"मग मला कळत नाही."

आजीची सुई थांबली. तिच्या मनात आलं, पोरीला जवळ घ्यावं, पांघरूण फेकून द्यावं, नकाशाचं पुस्तक आपल्या हाताने काढून द्यावं. तेवढ्यात पांघरुणाखाली काहीतरी हललं. तिचाच गुडघा. तो आपला ब्रेक दाबायला निघाला होता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"गुडघ्याचं."

भिंगरीने खांदे उडवले. हे काय विचारायचं झालं? पाऊस आला की भिजायला होतं हे कधीपासून माहीत आहे, असं विचारल्यासारखं. "तुला आवडलं की तो गप्प असतो. नाही आवडलं की हलतो," ती म्हणाली. "शाळेत बाई उभ्या असतात. त्यांचं काही दिसत नाही. म्हणून विचारायला लागतं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर आजी लेकीला म्हणाली, "तयारी चुकीच्या माणसाची चालली होती."

दुसऱ्या दिवसापासून आजीने स्वतःचा क्लास लावला. अभ्यास एकच, पोरगी खोलीत असेल तेव्हा आपण खोलीत नसायचं. वाचायला सोपं आहे. आजी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची, आणि पलीकडून काही आवाज आला की पाय उंबऱ्याकडे निघायचा. आवाज आला नाही तर त्याहून लवकर निघायचा. एकदा तर ती भाजी चिरायची सोडून कपाट धरून उभी राहिली होती, बोटीत लाट आल्यावर धरतात तसं.

पहिल्या दिवशी भिंगरी नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी थोडी रडली. आजीने ते रडणं भिंतीपलीकडून ऐकलं आणि एवढ्या वर्षांत कुठल्याही शिकाऊ माणसाने तिचा जेवढा घाम काढला नव्हता तेवढा त्या थोड्या वेळात निघाला. मग कधीतरी पलीकडून धपधप आवाज यायला लागले. बऱ्याच वेळाने आजी बाहेर आली, तर चपलांचं कपाट रिकामं. घरातले सगळे बूट, चपला, सपाता जमिनीवर. डाव्या पायाचे सगळे एका रांगेत खिडकीकडे निघालेले, आणि उजव्या पायाचे सोफ्याखाली कोंबलेले.

भिंगरीने दचकून वर बघितलं. "चालेल ना?"

आजीच्या जिभेवर चार वाक्यं आली. बुटांचे तळवे, सतरंजी, धूळ आणि हात धू. तिने ती गिळली. "मला काय विचारतेस? बुटांना विचार."

भिंगरीने विचार केला. खरोखरच खाली वाकून एका बुटाजवळ तोंड नेलं. "म्हणतो, चालेल."

"उजवे का कोंडलेत?"

"ते सारखे मध्ये मध्ये येतात."

आजी परत स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता तिने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, आणि हसू जरा कमी झालं.

मग नव्या शाळेचे दोन आठवडे सुरू झाले. सकाळी लेक कामावर जाई, म्हणून आजी भिंगरीला छापखान्यापर्यंत पोचवी. दारात एक उंच, लांब मानेचा गृहस्थ उभा असायचा. तो तिथल्या मोठ्या माणसांपैकी एक. मुलं त्याला उंट म्हणायची.

"त्यांना उंट म्हणायचं?" आजी घरी येऊन लेकीला म्हणाली. "अगं, शिक्षक ना ते?"

"शिक्षक म्हणत नाहीत तिथे. आणि त्यालाच आवडतं म्हणे."

"धन्य आहे. तो उंट, म्हणजे उंटावरचे शहाणे आपण."

पोटदुखी पहिल्या सकाळी झाली, दुसऱ्या सकाळीही झाली, मग जराशी उशिरा व्हायला लागली, म्हणजे रस्त्यात. पण भिंगरी आत जाई. परत आली की आजी विचारी, "काय केलंस?"

"बसले."

"कुठे?"

"पायरीवर."

"आणि?"

"आणि काही नाही."

पहिला आठवडा असाच गेला. आजी लेकीजवळ कुरकुरली, "फुकट बसायला घरची पायरी काय वाईट होती? तिथे भिंतीवर रंगवतात, सुतारकाम करतात, एक पोरगा तर घड्याळ उघडून बसला होता, मी खिडकीतून बघितलं. आणि ही पायरीवर! त्या उंटाला सांगून बघू का, हिला जरा हाताला धरून..."

"आई."

"काय?"

"गुडघा."

आजीने बघितलं. टेबलाखाली तो थाडथाड हलत होता.

दुसऱ्या आठवड्यात भिंगरी म्हणाली, पायरीवर तिच्याशेजारी एक मुलगी येऊन बसते. तिचे पुढचे दोन दात पडलेत. ती बोलत नाही, शिट्टी वाजवायचा प्रयत्न करते, पण हवाच जाते. एवढंच. आजीने आणखी काही विचारलं नाही. न विचारण्यातही कष्ट असतात हे तिला आता कळलं होतं. रात्री तिचे जबडे दुखत.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. लेक कामावरून परस्पर येणार होती, तिला उशीर झाला. आजी एकटीच मागच्या बाकावर जाऊन बसली. मोठ्या खोलीत, जिथे पूर्वी छपाईची यंत्रं होती तिथे, मुलं आणि मोठी माणसं जमिनीवर गोल करून बसली होती. मधोमध घंटा घेऊन बसली होती तीच दात पडलेली मुलगी. आजची सभा चालवायची पाळी तिची होती. उंट तिच्यासमोर मांडी घालून मुकाट बसला होता, बोलायचं असलं की हात वर करत होता.

दोनतीन किरकोळ विषय झाले. कुणीतरी करवत जागेवर ठेवली नव्हती, त्यावर बरीच गरमागरमी झाली. मग घंटा वाजली. "आता नवीन मुलगी," सभा चालवणारी म्हणाली. "दोन आठवडे झाले. तुला इथे राहायचंय का?"

भिंगरी उठून उभी राहिली. उभी राहिली आणि मान वळवून तिने मागच्या बाकाकडे बघितलं. आजीच्या चेहऱ्याकडे नाही. खाली.

आजीला आपला गुडघा जाणवला. तो अगदी स्तब्ध होता. हो म्हण, म्हणत होता. हो म्हण बाई, हो म्हणून टाक, नाहीतर परत तोच बाक. आणि आजीला हेही कळलं, की ती इथे बसून राहिली तर भिंगरी हो म्हणेल, सगळे टाळ्या वाजवतील, जागा मिळेल, लेकीचा जीव भांड्यात पडेल. आणि ते हो भिंगरीचं नसेल. उद्या आजी शेजारी नसेल तेव्हा पोरगी पुन्हा कुणाचा तरी गुडघा शोधत बसेल.

आजी उठली. बाक कर्रकन वाजला. सगळ्यांनी वळून बघितलं. ती दाराबाहेर गेली आणि दार तिने आपल्यामागे ओढून घेतलं.

बाहेर लांबच लांब ओसरी होती आणि मुलांचे बूट तिथे कसेही पडले होते. आजी त्यांच्यामध्ये एका बुटक्या स्टुलावर बसली. आतून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं, पोरीचं बोट वर आहे. वर करून ती तशीच उभी आहे, आणि कुणी बघत नाही. आजी उठलीसुद्धा. दाराच्या कडीला हात लावला. मग हात काढला, परत स्टुलावर बसली, आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

आत कुणीतरी बोललं. मग हशा पिकला. मग पुन्हा बोलणं, पुन्हा घंटा.

दार उघडून भिंगरी बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू का गेलीस?"

"पाय अवघडला."

"मी थांबले तुझ्यासाठी." आवाजात राग होता, सरळ, स्वच्छ राग. आजीने तो कधी ऐकला नव्हता. "खूप वेळ थांबले. तू आलीच नाहीस. सगळे नुसते बसले होते. मग मी बोलले."

आजीने विचारलं नाही. जबडे घट्ट धरले.

"मी म्हटलं, मला अजून कळलं नाही," भिंगरी म्हणाली. "म्हटलं, मला अजून पायरीवर बसायचंय, मग कळेल. तर तो घड्याळवाला म्हणाला, पायरीवर दोघींना जागा आहे, तिसऱ्याने आपली आपण शोधावी. म्हणून सगळे हसले. मग हात वर केले सगळ्यांनी. अजून एक महिना यायचं."

तेवढ्यात लेक धापा टाकत ओसरीत शिरली. "झालं? काय म्हणाली? घेतलं का?"

भिंगरीने तेच पुन्हा सांगितलं. ऐकता ऐकता लेकीचा चेहरा पडत गेला. ती आजीकडे वळली. "अजून कळलं नाही? आई, जुनी शाळा उद्या विचारणार आहे. जागा सोडू की धरून ठेवू? इथे महिन्याने ही नाही म्हणाली तर? तेव्हा इथलंही नसेल आणि तिथलंही..."

बोलता बोलता ती थांबली. आजी तिच्याकडे बघत होती, आणि लेकीचे डोळे खाली गेले होते. स्टुलावर बसलेल्या आईच्या उजव्या पायाकडे. लहानपणी सायकल शिकताना बघायची तशी. नोकरी घेऊ की नको, लग्न करू की नको, तेव्हाही कदाचित.

"अगंबाई," आजी म्हणाली. "तूसुद्धा?"

लेक ओशाळली. "सवय गं."

आजीने आपली मोठी पिशवी उचलली आणि मांडीवर अशी ठेवली की गुडघे पार झाकले गेले. "मी काही सांगणार नाही. पोरगी तुझी आहे."

लेक काही वेळ ओसरीत येरझाऱ्या घालत राहिली. मग ती भिंगरीसमोर उकिडवी बसली. "पोट दुखतंय आत्ता?"

भिंगरीने विचार केला. "भूक लागल्यासारखं दुखतंय."

लेकीने फोन काढला, जरा दूर जाऊन उभी राहिली. तिचं बोलणं अर्धंमुर्धंच ऐकू आलं. "हो, विचार करूनच. नाही, ठेवू नका. दुसऱ्या कुणाला द्या." फोन ठेवल्यावर तिने भिंतीला पाठ टेकली आणि मोठा श्वास घेतला. फोन तिने दोन्ही हातांनी गच्च धरला होता. पहिल्यांदा एकटीने गाडी काढणारे स्टिअरिंग धरतात तसा, हे आजीने ओळखलं आणि आपल्यापाशीच ठेवलं.

भिंगरी खाली बसून बूट घालत होती. घाईत डावा बूट उजव्या पायात गेला आणि उजवा डाव्यात. बंद बांधून ती उठली आणि रस्त्याला लागली. आजीने लेकीकडे बघितलं, लेकीने आजीकडे. दोघीही मूग गिळून तिच्यामागे निघाल्या. पोरगी बदकासारखी फताड फताड चालत होती, मध्येच थांबून पायांकडे बघत होती, पुन्हा चालत होती. आणि मागे, तिच्या प्रत्येक पावलाबरोबर, आजीचा उजवा पाय रस्त्यावर जरा जास्तच जोरात पडत होता.